बाबांच्या रिपोर्टवरचा लाल बाण : टेस्टोस्टेरॉन इतकं खाली गेलेलं चालतं का?

सांगलीची_लेक
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, तेही काळजीपोटी.

बाबा ७१ वर्षांचे. दोन दिवाळ्यांपूर्वी कंबरदुखीचं निमित्त झालं आणि तपासण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन) १८६, बायोप्सीत ग्लीसन (गाठ किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ४+४, बोन स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात ठिपके. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. पीएसए उतरत उतरत १.४ वर आला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. एप्रिलमध्ये तो २.३ झाला आणि आता ३.६. म्हणून डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनची तपासणी, करून आणायला सांगितलं.

रिपोर्ट आलाय २१. पुढे खाली तोंड केलेला लाल बाण. बाजूला नॉर्मल म्हणून २७० ते १०७० छापलंय. मार्चमध्ये आई-बाबा भावाकडे लेस्टरला होते, तिथे खाजगीत हीच तपासणी केली होती तेव्हा ०.९ आलं होतं. काकांचं म्हणणं, ०.९ चं २१ झालं म्हणजे इंजेक्शन लागू पडत नाही. मावशीचं म्हणणं अगदी उलटं : लाल बाण आहे म्हणजे अंगातली ताकद संपली. ती शिलाजितची डबी घेऊन आली आहे. बाबा दोघांचं ऐकून घेतात आणि गप्प बसतात.

डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत. तोवर कोणी सांगेल का, २१ हे कमी आहे म्हणून घाबरायचं की वाढलंय म्हणून?

कृष्णाकाठ
ताई, दोन्हीसाठी नको. आधी दोन्ही रिपोर्टवर आकड्याशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. आमच्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही याच गोंधळात आठवडा काढला होता.

परीक्षानळी
मी लॅबमध्ये अठरा वर्षं काम करते. कृष्णाकाठ म्हणतात तेच. ब्रिटनमध्ये टेस्टोस्टेरॉन नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॅनोमोलला २८.८ ने गुणलं की आपला आकडा येतो. तुमचं ०.९ म्हणजे साधारण २६. तेव्हा २६ होतं, आता २१ आहे. वाढलेलं नाही.

आणि तो लाल बाण कोणी डॉक्टर काढत नाही, यंत्र काढतं. यंत्राला फक्त निरोगी पुरुषाची मर्यादा भरून दिलेली असते. समोरच्या माणसाला मुद्दाम हार्मोन कमी करणारं इंजेक्शन दिलंय हे त्याला ठाऊक नसतं. रिपोर्ट हातात पडल्यावर काउंटरवरच रडणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं कळकळीने लिहितेय.

सांगलीची_लेक
आत्ता बघितलं. लेस्टरच्या रिपोर्टवर खरंच नॅनोमोल लिहिलंय! काकांना फोन करते. पण मग पीएसए का वाढतोय?

पिंपळपान
मी युरोलॉजी विभागात काम करतो. पेशंट पाहिल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण त्या आकड्याचा अर्थ सांगता येईल.

प्रोस्टेटच्या पेशी, चांगल्या असोत वा बिघडलेल्या, पुरुषी हार्मोनवर वाढतात. उपचाराचा हेतूच तो पुरवठा तोडणं हा असतो. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की पुरवठा तुटला असं धरायची जुनी रीत आहे. नॅनोमोलमध्ये तेच १.७, आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये ०.५. वृषणं काढलेल्या बहुतेक पुरुषांत ते २० च्याही खाली जातं, म्हणून अलीकडे बरेच जण २० ची रेघ धरतात. तुमच्या बाबांचं २१ म्हणजे इंजेक्शन आपलं काम चोख करतंय.

पीएसए वाढू लागला की पहिला प्रश्न हाच असतो : टेस्टोस्टेरॉन खरंच खाली आहे का? ते वर असेल तर दोष पुरवठा तोडण्यात आहे. खाली असूनही पीएसए वाढत असेल तर आजाराने दुसरी वाट शोधली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी मागितली ते अगदी योग्य केलं. मात्र एकदोन आकड्यांवर निर्णय होत नाही, काही आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करतात. त्या एकाच लॅबमध्ये करा.

आणि शिलाजितची डबी मावशींना प्रेमाने परत करा. टेस्टोस्टेरॉन वाढवतो असं सांगून विकलं जाणारं काहीही, चूर्ण असो, कॅप्सूल असो की जेल, या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात किंवा अंगावर नको.

रानवारा
डॉक्टर, एक विचारतो. म्हणजे ज्याचं टेस्टोस्टेरॉन जास्त त्याला हा कॅन्सर होण्याची शक्यता जास्त, असंच ना? माझा मुलगा जिमला जातो, दाढीमिशा भरघोस. आता मला धास्ती बसली.

पिंपळपान
नाही, तसं दिसत नाही. २००८ साली अठरा अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर झालेले सुमारे ३,९०० पुरुष होते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जास्त असणाऱ्यांना धोका जास्त, असा संबंध सापडला नाही. वय, घरातला इतिहास यांचं वजन त्याहून कितीतरी अधिक.

शेतीतलं उदाहरण देतो. जमीन पूर्ण भिजली की पाटाने कितीही पाणी सोडा, पीक त्यातलं वाढीव पाणी पीत नाही, ते वाहून जातं. पण पाणी पार तोडलं की पीक सुकतं. प्रोस्टेटचं तसंच आहे. अमेरिकेतले अब्राहम मॉर्गेन्टेलर यांनी ही कल्पना बरीच मांडली. नेहमीच्या पातळीत थोडं कमीजास्त असण्याने फारसा फरक पडत नाही, तळाशी गेल्यावर पडतो. तुमच्या मुलाच्या दाढीमिशांची काळजी करू नका. जिममध्ये कोणी इंजेक्शन किंवा पावडर देत नाही ना, एवढं मात्र विचारा.

जुनीपानं
हा पुरवठा तोडण्याचा शोध ज्या साली जगापुढे आला ते साल मला नेहमी आठवतं, १९४१. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांची वृषणं काढली किंवा त्यांना स्त्री-हार्मोन दिलं की रक्तातलं अॅसिड फॉस्फेटेज उतरतं. तेव्हा पीएसए नव्हता, हेच एन्झाइम मोजायचे. कॅन्सर हा बेलगाम वाढतो, त्याच्यावर शरीरातल्या कशाचाच ताबा नसतो, ही समजूत तिथे मोडली. हगिन्सना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आणि त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्या परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. माझे आजोबा गिरणीत होते. टाटाची इमारत उभी राहताना पाहिल्याचं ते सांगायचे.

केतकी
जुनीपानं, फार छान माहिती. पण माझा एक प्रश्न अडलाय. सासऱ्यांच्या इंजेक्शनच्या माहितीपत्रात लिहिलंय की हे मेंदूतल्या हार्मोनसारखंच आहे आणि ते टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावतं. मग ते कमी कसं होतं?

पिंपळपान
चांगला प्रश्न. मेंदूतून निरोप येतो तो थांबत थांबत, ठोक्याठोक्याने. त्या निरोपाने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी जागी होते आणि वृषणांना कामाला लावते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं तोच निरोप न थांबता देत राहतात. दारावर कोणी सारखंच ठोठावत राहिलं तर घरातलं माणूस उठणं सोडून देतं, तशी पिट्यूटरी गप्प होते. या निरोपाच्या रेणूची रचना शोधल्याबद्दल शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. रक्तातली इतकी सूक्ष्म हार्मोन मोजायची रीत काढणाऱ्या रोझॅलिन यॅलो यांनाही त्याच वर्षी.

पण सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे पिट्यूटरी जास्तच धावते आणि टेस्टोस्टेरॉन आधी वर जातं. मणक्यात आजार असेल तर ही उसळी धोक्याची, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आगेमागे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. डेगारेलिक्स नावाचं दुसऱ्या जातीचं इंजेक्शन आहे, त्यात ही उसळी येत नाही.

सांगलीची_लेक
म्हणून त्या गोळ्या होत्या! आम्हाला वाटलं ताकदीच्या असतील.

गोदाकाठ
आमच्याकडे इंजेक्शन नव्हतं, ऑपरेशन केलं. वडील निफाडकडचे, द्राक्षाची बाग. तीन महिन्यांनी नाशिकला यायचं म्हणजे छाटणी, डिपिंग, तोडा, काही ना काही आडवं यायचंच. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले. वडील म्हणाले, "एकदाच काय ते करा." अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली जातं, उसळीची भीती नाही, पुन्हा पुन्हा खर्च नाही. आज चार वर्षं झाली, आकडा १४ च्या वर गेलेला नाही.

पण एक सांगायला हवं. त्यांनी हे स्वतःच्या भावांनाही सांगितलेलं नाही. "हर्नियाचं केलं" म्हणतात. पहिले सहा महिने पारावर जाऊन बसणं बंद होतं. आईने हळूहळू त्यांना बाहेर काढलं.

केतकी
गोदाकाठ, राग मानू नका, पण पैसे आणि फेऱ्या वाचतात म्हणून पुरुषाला इतक्या मोठ्या गोष्टीला तयार करणं मला पटत नाही. इंजेक्शन थांबवता तरी येतं.

गोदाकाठ
राग कसला. तयार आम्ही केलं नाही, ते स्वतः झाले. त्यांचं वय तेव्हा ७४, आजार हाडात, इंजेक्शन थांबवायची वेळ येईल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. मला खंत आहे ती वेगळी. आतला भाग काढून पिशवी तशीच ठेवता येते, बाहेरून फारसा फरक दिसत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. ते आधी कळलं असतं तर त्यांच्या मनाला सोपं गेलं असतं.

मोटरमन_निवृत्त
एवढे सगळे जण वडिलांबद्दल, सासऱ्यांबद्दल लिहीत आहात. मी स्वतः पेशंट. वय ६८, डोंबिवली. रेल्वेत ३४ वर्षं नोकरी. माझा आकडा १२. तो अंगात कसा वाटतो ते सांगतो, कारण रिपोर्टवर ते छापत नाहीत.

पहिलं म्हणजे वाफा. काही नसताना छातीतून मानेकडे आग चढते, कपाळ घामाने डबडबतं, दोन मिनिटांत थंडी वाजते. रात्री चार-पाच वेळा. हिच्या अंगावर गोधडी आणि मी पंखा पाचवर लावून बसलेला. ही एकदा म्हणाली, "माझी पन्नाशी आठवते का? तेव्हा तुम्ही मला खिडकी बंद कर म्हणायचात." दोघं इतके हसलो की शेजारच्या खोलीतली नात उठून आली. पण तो त्रास खरा आहे. मी वर्षभर डॉक्टरांना सांगितलाच नव्हता. सांगितला तेव्हा कळलं की त्यावर औषध आहे.

दुसरं, रडू. मी आईच्या तेराव्यालाही रडलो नव्हतो. आता बातम्यांत गाडीखाली आलेल्या माणसाचं ऐकलं तरी घसा दाटतो. हा दुबळेपणा नाही, हार्मोन आहे, हे कोणीतरी समजावून सांगेपर्यंत मला स्वतःची लाज वाटायची.

तिसरं, इच्छा. ती जाते. कमी होत नाही, जातेच. याबद्दल घरी बोलायला मला आठ महिने लागले. ही म्हणाली, तुम्ही दूर दूर राहायला लागलात त्याचं वाईट वाटत होतं, बाकी कशाचं नाही. मी हे इथे लिहितोय कारण कोणाच्या तरी वडिलांच्या मनात हेच असणार आणि ते मुलीला सांगणार नाहीत. ताई, बाबा गप्प बसतात असं तुम्ही लिहिलंत. त्यांना शक्य असेल तर माझ्यासारख्या कोणाशी तरी बोलू द्या.

आता उपयोगाचं. हाडं ठिसूळ होतात, स्नायू उतरतात, पोट सुटतं, साखर वाढते. मी रोज पाऊण तास चालतो आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांपासून सुरुवात केली होती. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. हाडांचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मला हे कोणी सांगितलं नाही, दाढ काढल्यावर जबड्याची जखम भरायला पाच महिने लागले.

कृष्णाकाठ
मोटरमन काका, नमस्कार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा वाच म्हणाले.

रानवारा
काका, तुमच्या बाटल्या मी माझ्या वडिलांना देतोय. त्यांचा आजार वेगळा आहे, वय तुमचंच.

याच निमित्ताने विचारतो. वडिलांना लघवीच्या त्रासासाठी दोन वर्षं ड्युटास्टेराइड चालू आहे. पीएसए ३.८ आला, चारच्या आत. म्हणजे ठीक ना?

पिंपळपान
थांबा. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही टेस्टोस्टेरॉनचं त्याच्या जास्त जोरकस रूपात रूपांतर होऊ देत नाहीत. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळजवळ निम्मा होतो. तेव्हा तुमच्या वडिलांचा ३.८ हा साडेसातच्या आसपास धरायला हवा. याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही, मोठ्या झालेल्या प्रोस्टेटमध्येही इतका येतो. पण गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा आणि आधीचे सगळे आकडे सोबत न्या. गोळी सुरू असताना सर्वांत खाली गेलेला पीएसए पुन्हा चढत असेल तर तेवढंच महत्त्वाचं आहे.

परीक्षानळी
डॉक्टरांच्या बोलण्याला माझी जोड. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. मोठा डोस चालू असेल तर काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त आणि पीएसए खोटाच कमी दिसू शकतो. रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आम्हाला सांगत जा. आणि इतक्या तळाच्या पातळीला साधी पद्धत थोडी डळमळते, म्हणून २१ आणि २६ मधल्या फरकाचा विचार करत रात्र जागवू नका.

थेम्सकाठ
टेस्टोस्टेरॉन का तपासायचं, त्याचा आमच्या घरचा अनुभव. मामा रत्नागिरीला असतात. गणपती, मग मुलीचं बाळंतपण, असं करत इंजेक्शनला सात आठवडे उशीर झाला. पीएसए वाढला, घरचे म्हणू लागले की औषध हरलं, केमो करावी लागणार. टेस्टोस्टेरॉन पाहिलं तर १८०! औषध हरलं नव्हतं, दिलंच गेलं नव्हतं. इंजेक्शन वेळेवर सुरू झालं आणि पीएसए पुन्हा खाली आला. आता मामींनी कालनिर्णयवर तारखांना लाल गोल केलेत.

सांगलीची_लेक
मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारपूस केली.

त्या सोमवारी डॉक्टरांनी पिंपळपान यांच्यासारखंच सांगितलं आणि महिन्याने दोन्ही तपासण्या पुन्हा करून घेतल्या. पीएसए ५.२, टेस्टोस्टेरॉन १९. म्हणजे पुरवठा तुटलेला असूनही आजार वाढतोय. इंजेक्शन चालूच ठेवायचं आणि सोबत अबिराटेरॉन सुरू करायचं ठरलं.

एक मनातलं. ही गोळी दीड वर्षापूर्वी, अगदी सुरुवातीलाच सुचवली होती. किंमत ऐकून आम्ही "बघू नंतर" म्हटलं. आता भारतीय कंपन्यांची बरीच स्वस्त मिळते आहे. तेव्हा थोडं अजून विचारलं असतं, मदत कुठे मिळते ते शोधलं असतं, असं रोज वाटतं.

पिंपळपान
पसरलेल्या आजारात इंजेक्शनसोबत पहिल्यापासून ही गोळी दिली तर आयुष्य वाढतं हे २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांतून पुढे आलं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं सुचवणं बरोबर होतं. पण नंतर दिली तरी तिचा उपयोग होतो, तोही चाचण्यांत सिद्ध झाला आहे. स्वतःला बोल लावत बसू नका.

टेस्टोस्टेरॉन फक्त वृषणांत होत नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं बनवतात, आणि कॅन्सरच्या पेशी स्वतःही बनवायला शिकतात. रक्तात १९ दिसत असताना आत गाठीला तिचा घास मिळत असतो. अबिराटेरॉन तो कारखानाच बंद करतं. त्यात शरीराची दुसरी हार्मोनंही हलतात, म्हणून सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. ते अचानक बंद करायचं नाही. रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला वरचेवर.

गोळ्या रिकाम्या पोटी. जेवणाबरोबर घेतल्या तर रक्तात कितीतरी पट जास्त शोषल्या जातात. एका छोट्या अभ्यासात चार गोळ्यांऐवजी एकच गोळी हलक्या नाश्त्यासोबत देऊन पाहिली आणि पीएसएवर तसाच परिणाम दिसला. खर्च परवडत नाही तिथे काही डॉक्टर तसं देतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांनी परस्पर करायचा नाही.

केतकी
ताई, बाबा कसे आहेत? आकडे नकोत, ते कसे आहेत ते सांगा.

सांगलीची_लेक
बाबांनी हा सगळा धागा वाचला. चष्मा लावून, दोन बैठकांत. मग मला म्हणाले, "तो रेल्वेवाला माणूस खरं लिहितो." मग पहिल्यांदाच सांगितलं की रात्री वाफांनी झोप येत नाही म्हणून ते गच्चीत जाऊन बसतात. आम्हाला वाटायचं त्यांना एकटं राहायचंय.

डेक्सा केला, कंबरेचं हाड ठिसूळ झालंय. दाताच्या डॉक्टरांना दाखवून झालं. काकांना नॅनोमोल समजलं, आता तेच सगळ्यांना समजावतात. मावशी शिलाजित परत घेऊन गेली आणि नाचणीचे लाडू घेऊन आली.

आज सकाळी सहाला पहिल्या चार गोळ्या घेतल्या. तासभर काही खायचं नाही. बाबांना उठल्या उठल्या चहा लागतो, ५० वर्षांची सवय. आई पण थांबली. सातला दोघांनी बरोबर घेतला.

मोटरमन_निवृत्त
मीही दोन वर्षं सहाच्या गोळ्या आणि सातचा चहा यातच आहे. तो मधला तास फार लांब वाटतो. ताई, बाबांना विचारा, चालत असेल तर मी त्या वेळी फोन करत जाईन.

सांगलीची_लेक
विचारलं. म्हणाले, "साडेसहाला करा म्हणावं."